चौथा खिळा

तळघराच्या दाराशी भिंतीत सहा खिळे आहेत,
प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर एक नाव.
अंगठी इथे टांगायची,
मग घड्याळ, मग गळ्यातला क्रूस.
त्यानंतर किल्ली फिरवायची.

आमच्या व्रोत्सवाफमध्ये अंगठी उजव्या हातात घालतात,
म्हणजे पाना धरायच्याच हातात.

माझी तीन आठवड्यांची होती.
थंडीतही निघेना.
"बाराच तर व्होल्ट," मी म्हणाले,
"मोटारीच्या बॅटरीएवढे."

पान इरेनेउश यांनी वाद घातला नाही.
खण उघडून एक पाना माझ्या हातात दिला.
त्याचा जबडा अर्धा खाल्लेला,
कडेला तांब्याचे थेंब थिजलेले,
मेणबत्तीच्या अंगावर असतात तसे.
"व्होल्ट दारावर थाप मारतो," ते म्हणाले,
"घरात शिरतो तो अँपिअर.
आणि त्या दोन पट्ट्यांवर
वीस हजार अँपिअर उभे असतात.
गुमान."

मग त्यांनी हातमोजा काढला.
अनामिकेभोवती पांढरी, चकाकणारी कातडी,
पुरता एक वळसा.
अठ्ठ्याण्णवचा मार्च. सोनं चार ग्रॅम.
"बायको काय म्हणाली?"
"म्हणाली, ही आता तुला काढता यायची नाही."

तरी चौथ्या खिळ्याखाली त्यांचं नाव आहे.
खिळा रिकामा.
रोज सकाळी ते तिथे थांबतात,
खिळ्याला बोट लावतात
आणि आत जातात.

मी साबण लावून अंगठी काढली.

आत डाव्या हाताला कपॅसिटर,
कपाटाएवढे, राखाडी, चाळीस.
चुंबकाला एक झटका देऊन झाला होता,
वरच्या मजल्यावर आलेख पडद्यावर आला होता,
कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.
खाली आम्ही दोघं,
हातात पिवळी लांब काठी, टोकाला हूक,
मागे तांब्याची जाड वेणी, जमिनीत उतरलेली.
दुसरा हात खिशात. हा त्यांचा नियम,
चर्चमध्येही त्यांचा एक हात खिशात असतो म्हणतात.

हूक टेकवला. चाबूक ओढल्यासारखा आवाज.
पुन्हा टेकवला. काही नाही.
मीटरवर शून्य.
मी काठी जागेवर ठेवायला निघाले.

"ठेव," ते म्हणाले. "चल, चहा पिऊन येऊ."

चहा प्यायलो. लिंबाची चकती, दोन चमचे साखर,
ओद्रेवरच्या बर्फाबद्दल थोडं,
त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बरंच.
परत आलो तर मीटरवर तीनशे दहा.
कोणी भरले?
कोणीच नाही.
"तेलात आणि कागदात मुरलेलं असतं," ते म्हणाले,
"बरणीतल्या कोबीसारखं. सावकाश वर येतं.
म्हणून हूक काढायचा नसतो.
अडकवून ठेवायचा. रात्रभर. ईस्टरची सुट्टी असली तर सुट्टीभर."

"माणसांचंही तसंच," मी म्हणायला गेले.
"माणसांचं मला ठाऊक नाही," ते म्हणाले.
"मी टेक्निशियन आहे.
मीटर परत बघ."

प्राध्यापक दोब्रोगोस्त जिन्यावरून ओरडले,
पाहुणे खोळंबलेत, पुढचा झटका कधी?
पान इरेनेउश यांनी हूक अडकवला, ओढून पाहिला,
किल्ली खिशात टाकली
आणि जिना चढायला लागले,
एकेक पायरी, गुडघ्याच्या मर्जीने.
पाहुणे खोळंबले.

संध्याकाळी ट्रॅम पुलावर आली
तेव्हा लक्षात आलं, बोट उघडंच आहे.
परतून उपयोग नव्हता.
कुलपाला दोन किल्ल्या लागतात,
आणि दुसरी एव्हाना ओवाव्याच्या बसमध्ये बसली असणार.

सेवेरिनने दार उघडलं,
आधी माझ्या हाताकडे पाहिलं.
"खिळ्यावर राहिली," मी म्हणाले. "सहाव्या."
त्याला पान्याचं सांगितलं.
कातडीचं सांगितलं.
तो बटाटे सोलत राहिला.

बऱ्याच वेळाने, दिवा मालवल्यावर,
अंधारात त्याने माझं बोट हातात घेतलं
आणि सावकाश चाचपलं,
पुरता एक वळसा,
कुठे भाजलंय का ते बघत.